रावबहादुर दादोबा पांडुरंग आणि सुरतेची मानवधर्मसभा

मराठी माणसाच्या कानी सुरत हे नाव पडले की त्याच्या डोळ्यांपुढे शिवछत्रपतींची १६६४ आणि १६७० ची स्वारी उभी राहते, आणि बहुधा तेथेच त्याचे सुरतेविषयीचे ज्ञान संपते. परंतु त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी एक मराठी शाळामास्तर, हाती तलवार न घेता व पदरी फौज नसता, याच शहरात एका वेगळ्याच कार्यास हात घालून बसला होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या पुरुषाचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून त्यांचा लौकिक आहे आणि तो यथार्थच आहे. तथापि व्याकरणकार दादोबांच्या आड धर्मचिंतक दादोबा झाकले गेले, आणि धर्मचिंतक दादोबांच्या आड पगारावर संसार चालविणारे, सरकारी हुकमाची बूज राखणारे गृहस्थ दादोबा तर पुरतेच लपले. प्रस्तुत लेखात मुख्यतः या तिसऱ्या दादोबांचा परिचय करून द्यावयाचा आहे.

दादोबांचा जन्म मुंबई येथे ९ मे १८१४ रोजी झाला. घराणे मूळचे वसईजवळील तर्खड गावचे, त्यावरून तर्खडकर हे उपनाव. घरात विठ्ठलभक्तीचा वारसा होता. पोथीवाचन, भजन, हरिनाम या गोष्टी लहानपणापासून कानांवर पडत. पांडुरंगरावांच्या तिन्ही प्रसिद्ध पुत्रांत दादोबा थोरले. मधले भास्कर हे १८४१ साली इंग्रजी वृत्तपत्रात टोपणनावाने इंग्रजी राज्याच्या आर्थिक शोषणावर जळजळीत पत्रे लिहिणारे, पण अल्पायुषी. धाकटे आत्माराम १८२३ साली जन्मले, पुढे नामांकित डॉक्टर झाले आणि १८६७ साली मुंबईत प्रार्थनासमाज स्थापन करणाऱ्यांत अग्रणी ठरले. एकाच घरात असे तीन भाऊ निपजणे हा योगच म्हणावयाचा.

पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे गिरवून दादोबा नव्या इंग्रजी विद्येकडे वळले. १८३६ साली, म्हणजे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. या ग्रंथाची नाना संस्करणे निघाली आणि मराठी शाळांतील पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. तो विषय स्वतंत्र आहे. येथे एवढेच लक्षात ठेवावयाचे की विशीतच नावलौकिक मिळालेल्या या तरुणास उपजीविकेसाठी मात्र नोकरीच्या पाठीमागे फिरावे लागले. काही काळ माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाच्या पदरी शिक्षक, मग पुन्हा मुंबई, आणि १८४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरतेची सरकारी इंग्रजी शाळा, असा तो प्रवास झाला. विद्वत्तेला मान होता. पण मानावर चूल पेटत नाही, हे त्या काळीही तितकेच खरे होते.

दादोबा सुरतेस पोहोचले तेव्हा ते शहर आपल्या वैभवाच्या आठवणींवर जगत होते. मोगल अमदानीत हजच्या यात्रेकरूंचे व साऱ्या पश्चिम समुद्रावरील व्यापाराचे जे द्वार होते, त्याचा व्यापार मुंबईने ओढून नेला होता. १८०० साली कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८३७ साली लागलेल्या प्रचंड आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्म झाली आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. ज्यांना शक्य होते ते धनिक मुंबईची वाट धरू लागले. अशा खचलेल्या शहरात भुताखेतांचे, मंत्रतंत्रांचे आणि ताईत-गंड्यांचे प्रस्थ वाढले तर नवल नाही. दुसऱ्या बाजूने लंडन मिशनचे पाद्री १८१५ पासून तेथे ठाण मांडून होते. त्यांनी छापखाना घातला होता आणि गुजराती भाषेतील नवा करार १८२० च्या सुमारास सुरतेतच छापून निघाला होता. पाद्र्यांच्या मागे विलायतेतील वर्गणीचा पैसा होता. त्यांच्या संसाराची तजवीज मिशन करीत असे, छापखाना मिशनचा असे, कागद मिशनचा असे. त्यांना उत्तर द्यावयास निघालेल्या देशी माणसाजवळ यांपैकी काहीही नव्हते.

सुरतेत दादोबांना जो सांगाती मिळाला तो असामान्य होता. दुर्गाराम मंछाराम मेहता हे १८०९ साली जन्मलेले नागर ब्राह्मण सरकारी गुजराती शाळेत शिक्षक होते व लोकांत दुर्गाराम मेहताजी या नावाने ओळखले जात. बोलणे रोखठोक, स्वभाव निर्भय. या दोघांस दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास येऊन मिळाले. पाचही नावांचा आरंभ द या अक्षराने होत असल्यामुळे गावात त्यांना पाच दद्दे म्हणू लागले. पाचांत कोणी सावकार नव्हता, कोणी जहागीरदार नव्हता. शाळामास्तरी किंवा तत्सम व्यवसायावर पोट भरणारी ही मंडळी होती, आणि दिवसाचे बहुतेक तास त्यांनी पगाराच्या मोबदल्यात आधीच विकलेले होते.

तरीही १८४२ साली या मंडळींनी पुस्तक प्रसारक मंडळी स्थापून शिळाछापाचे यंत्र सुरतेत चालू केले. शिळाछाप म्हणजे काय हे आजच्या पिढीस सांगितले पाहिजे. खिळ्यांच्या छापखान्यास शिशाचे हजारो टाईप, ते जुळविणारे कंपॉझिटर आणि मोठे भांडवल लागते. शिळाछापास एक गुळगुळीत घासलेला चुनखडीचा दगड, तेलकट शाई, रूळ, दाबयंत्र आणि सुवाच्य अक्षराचा लेखक एवढे पुरते. लेखकाने तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उमटवावयाचा, दगड ओला करावयाचा, वरून रूळ फिरवावयाचा. पाणी आणि तेल यांचे वैर असल्यामुळे शाई फक्त अक्षरांवर बसते, कोऱ्या जागेवर बसत नाही. काम संपल्यावर दगड पुन्हा घासून नव्या पानास वापरता येतो. मुंबईत गणपत कृष्णाजींनी अशाच छापावर १८३१ साली पंचांग छापून भटजीमंडळींस चकित केले होते. गुजराती किंवा बाळबोध, कोणतीही लिपी या दगडास सारखीच, ही आणखी सोय. थोडक्या पैशांत ज्ञान पसरविण्याचे यापरते दुसरे साधन त्या काळी नव्हते.

तथापि थोडके पैसे म्हणजे पैसे नव्हेत असे नाही. कागद विकत आणावा लागतो, लेखकास मजुरी द्यावी लागते, रूळ फिरविणाऱ्या गड्यासही पोट असते. ज्यांनी ज्यांनी देवस्थानचा जमाखर्च एकदा तरी पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको. देव्हाऱ्यातील नंदादीप भक्तीने तेवतो हे खरे, पण तेलाची नोंद खजिनदाराच्या वहीत व्हावीच लागते, आणि ती न झाली तर काय होते हे मुखत्यारांस विचारावे. प्रपंचातील शिल्लक परमार्थास लावावयाची, तर मुळात प्रपंचात शिल्लक पडली पाहिजे. शाळामास्तराच्या प्रपंचात ती किती पडणार!

२२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्मसभेची स्थापना झाली. हिंदुस्थानच्या पश्चिम भागातील धर्मसुधारणेचा हा पहिला संघटित प्रयत्न मानला जातो. पंजाबात वा काठेवाडात आर्यसमाजाचे नाव निघण्यापूर्वी तीस वर्षे, मुंबईत प्रार्थनासमाज निघण्यापूर्वी तेवीस वर्षे, सुरतेतील काही शिक्षक रविवारी एकत्र जमून ईश्वर एक आहे, त्याची भक्ती प्रेमाने व सदाचाराने करावी, मनुष्यमात्राची जात एक आहे, प्रत्येकास विचार करण्याचे स्वातंत्र्य आहे, वर्तन विवेकास धरून असावे आणि सर्वांस विद्या मिळावी, अशी तत्त्वे चर्चू लागले. या तत्त्वांची मांडणी दादोबांनी १८४३ साली लिहिलेल्या धर्मविवेचन या निबंधात आधीच केली होती. सभेचे बोलते तोंड दुर्गारामांचे होते, पण विचाराचा गाभा बव्हंशी दादोबांचा होता.

सभा रविवारी भरे यातही एक अर्थ आहे. कंपनी सरकारचे धोरण असे की सरकारी शाळेत कोणत्याही धर्माचा उपदेश होऊ नये. त्यामुळे आठवड्याचे सहा दिवस भूगोल, व्याकरण आणि गणित शिकवावयाचे, आणि ईश्वराविषयी जे सांगावेसे वाटते ते सातव्या दिवसासाठी राखून ठेवावयाचे, अशी ही विभागणी होती. या विभागणीचा दादोबांनी प्रामाणिकपणे सांभाळ केलेला दिसतो. पगार ज्या कामाचा, ते काम त्या पगारात पुरे करावे, हा त्यांचा बाणा होता. आजच्या काळी ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, वस्तुतः ती क्षुल्लक नाही.

दुर्गारामांनी मांत्रिकांस जाहीर आव्हान दिले की मंत्राच्या बळावर काही करून दाखवा. गावात खळबळ उडाली. दुर्गाराम बैठकांचा वृत्तांत लिहून ठेवीत, आणि पुढे महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली त्यांचे चरित्र लिहिले त्यास हाच मुख्य आधार झाला. सभा चालू झाली त्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला म्हणून सुरतेच्या बाजारपेठा बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले आणि सरकारला काही माघार घ्यावी लागली. म्हणजे मिठासाठी शहर एका दिवसात उठले, आणि मानवधर्मासाठी मूठभर माणसे जमली. यात सुरतकरांचा दोष नाही. मीठ रोज लागते.

याच काळात संसाराने या प्रचारकांची कशी परीक्षा घेतली याचे उदाहरण खुद्द दुर्गारामांचेच आहे. विधवांचा पुनर्विवाह व्हावा असे ते उघड प्रतिपादन करीत. स्वतःची पत्नी वारल्यावर मात्र त्यांनी विधवेशी विवाह न करता कुमारिकेचे पाणिग्रहण केले. विरोधकांनी तर टाळ्या पिटल्याच, पण स्नेह्यांनीही माना खाली घातल्या. ज्ञातीचा दाब, नातलगांचा आग्रह, मोडलेल्या घराची निकड, ही सारी कारणे खरी असतील. तरी उपदेश आणि आचार यांमधील हे अंतर लोकांच्या नजरेतून सुटले नाही, आणि सुटणे योग्यही नव्हते.

दादोबांची वाट निराळी होती. त्यांनी जातिभेदाचे खंडन केले, पण सुरतेत उघड जातिबंधन तोडले नाही आणि सभासदांसही तसे करावयास लावले नाही. याला कोणी भित्रेपणा म्हणेल. परंतु जातिबहिष्कार म्हणजे काय हे त्या काळच्या माणसास चांगले ठाऊक होते. १८४३ सालीच मुंबईत श्रीपत शेषाद्री परळीकर या मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन परत ज्ञातीत घेण्याचा खटाटोप बाळशास्त्री जांभेकरांनी केला, आणि त्यापायी जांभेकरांसारख्या मान्यवर पंडितास लोकांचा रोष सोसावा लागला. बहिष्कृताच्या घरी भटजी येत नाही, न्हावी येत नाही, मुलीस स्थळ मिळत नाही, आणि मेल्यावर खांदा द्यावयास माणूस मिळत नाही. उपदेशकाने स्वतः उपाशी राहावयाचे ठरविणे सोपे, पण घरातील बायकामुलांस त्याने कोणत्या न्यायाने उपाशी ठेवावे?

आपल्या गोमंतकास हा प्रश्न परका नाही. सोहिरोबानाथ आंबिये यांनी बांद्याचे कुळकर्णीपद सोडले आणि पुढे उत्तरायुष्यात घरदार मागे ठेवून उत्तर हिंदुस्थानची वाट धरली. दादोबांच्याच काळात विष्णुबुवा ब्रह्मचारी हे जकातीच्या खात्यातील नोकरी टाकून सप्तशृंगीस तपाला गेले आणि मुंबईच्या समुद्रकाठी पाद्र्यांशी वाद करू लागले, तेव्हा त्यांच्या मागे संसार नव्हता. अशा विरक्तांस लोक नमस्कार करतात आणि ते योग्यच आहे. पण दादोबांचा मार्ग तो नव्हता. त्यांना घर हवे होते, घरातील माणसे हवी होती, पगार हवा होता आणि सत्यही हवे होते. या चारांस एका गाड्यास जुंपणे हे संन्यासापेक्षा सोपे आहे असे ज्यास वाटते त्याने संसार केलेला नसावा.

१८४६ साली दादोबांची मुंबईस बदली झाली. मानवधर्मसभेचा मोठा आधार गेला. दुर्गारामांनी ती रेटीत नेली, पण १८५२ साली तेही शिक्षणखात्याच्या कामावर राजकोटास गेले आणि सभा विराम पावली. दोघांचीही बदली ही बढतीच होती. ज्या नोकरीने त्यांना सुरतेत एकत्र आणले, त्याच नोकरीने त्यांस वेगळे केले.

मुंबईत दादोबांनी भावी शिक्षक घडविण्याच्या वर्गाची व नंतर मराठी शाळांच्या देखरेखीची जबाबदारी सांभाळली. १८४९ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेने परमहंससभा निघाली. अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. सुरतेत जे उघड्यावर चालले होते ते मुंबईत बंद दाराआड चालू लागले, हा बदल ध्यानात घेण्यासारखा आहे. सभेत प्रवेश करणाऱ्याने परधर्मीयाच्या हातचा पाव खावा असा दंडक होता, आणि हे सारे गुप्त ठेवावे असाही. सभासदांची संख्या पुरेशी झाली की एकाच दिवशी सर्वांनी जातिबंधन तोडल्याचे जाहीर करावयाचे, ही कल्पना. तो दिवस कधी उगवलाच नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे असलेले दप्तर चोरीस गेले. नावे बाहेर फुटणार या धास्तीने सभासद पांगले, आणि दहा वर्षे जपलेली संस्था काही दिवसांत नाहीशी झाली. गुप्ततेचे कवच घालून वाढलेले रोप कवच फुटताच कोमेजले, असेच म्हणावे लागते.

दादोबा स्वतः त्या वेळी मुंबईत शिक्षक राहिले नव्हते. १८५२ साली त्यांची अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर म्हणून नेमणूक झाली होती. देशी माणसास मिळू शकणारा हा फार मोठा हुद्दा. तेथे भिल्लांच्या बंडाचा बंदोबस्त करण्यात त्यांनी जी कामगिरी बजावली तीबद्दल सरकारने त्यांस रावबहादुर हा किताब दिला. मनुष्यमात्राची जात एक, हे सूत्र ज्याने सुरतेत मांडले, त्यानेच दहा-पंधरा वर्षांनी सरकारी अंमलदार या नात्याने डोंगरातील भुकेल्या भिल्लांवर कारवाई करावी, ही नियतीची थट्टा होय. दादोबांच्या चरित्रातील हे पान गौरवाने सांगितले जाते. ते गौरवाचे आहे की नाही याचा विचार वाचकांनी करावा. सरकारचे मीठ खाल्ले म्हणजे सरकारचे काम करावे लागते, एवढा त्याचा सरळ हिशेब होता, आणि त्या हिशेबात मानवधर्माचे खाते कोठे उघडावयाचे हे अहमदनगरात त्यांना उमगले नसावे.

सेवानिवृत्तीनंतर, म्हणजे १८६० नंतरच्या वर्षांत, दादोबांच्या लेखणीस पुन्हा स्वातंत्र्य लाभले. १८६५ साली मोरोपंतांच्या केकावलीवरील त्यांची विस्तृत टीका प्रसिद्ध झाली. यशोदा-पांडुरंगी या तिच्या नावात त्यांनी पित्याचे नाव गुंफले आहे. पुराणप्रिय घरांतूनही ही टीका आदराने वाचली गेली. जो ग्रंथकार मूर्तिपूजेविषयी शंका घेई त्यानेच केकावलीचा भक्तिरस इतक्या मायेने उलगडावा, यात विसंगती पाहणारे पाहोत. बालपणी ऐकलेले विठ्ठलाचे नाम त्यांच्या अंतःकरणातून कधीच गेले नव्हते, हेच त्यावरून दिसते.

धर्मविवेचन मात्र १८६८ साली छापले गेले, लिहिल्यापासून पंचवीस वर्षांनी, आणि तेही एक जगद्वासी आर्य या टोपणनावाने. पेन्शन घेऊन घरी बसलेल्या, रावबहादुर किताब मिळालेल्या, चोपन्न वर्षांच्या गृहस्थासही आपल्या धर्ममतावर स्वतःचे नाव घालवले नाही. एक वर्षापूर्वीच धाकट्या भावाच्या पुढाकाराने प्रार्थनासमाज उघडपणे स्थापन झाला होता. थोरल्याने रात्री पेरलेले धाकट्याने दिवसा उगवून दाखविले, असा हा प्रकार होता. पारमहंसिक ब्राह्मधर्म हा त्यांचा ग्रंथ १८८० साली निघाला, आयुष्याची दोनच वर्षे उरली असता.

या उत्तरकाळात त्यांना स्वीडन देशातील गूढवादी तत्त्ववेत्ता इमॅन्युएल स्वीडनबॉर्ग याच्या ग्रंथांनी मोहून टाकले. त्यावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८७८ साली लंडन येथे प्रसिद्ध झाले. हा स्वीडनबॉर्ग आपल्या देशाच्या खाणखात्यात अधिकारी होता. ईश्वरी दर्शने होऊ लागल्यावर १७४७ साली त्याने नोकरी सोडली, पण सोडताना अर्धा पगार निवृत्तिवेतन म्हणून चालू राहील अशी तजवीज राजाकडून करून घेतली, आणि त्या बळावर उरलेली वर्षे तो लिहीत राहिला. दादोबांसारख्या पेन्शनर धर्मचिंतकास हा साधू जवळचा वाटावा यात आश्चर्य नाही.

१८८१ साली त्यांनी आपल्या व्याकरणाची पूरणिका प्रसिद्ध केली. १८३६ मध्ये हाती घेतलेले काम पंचेचाळीस वर्षांनीही त्यांनी खाली ठेवले नव्हते. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

दादोबांनी लिहिलेले आत्मचरित्र त्यांच्या मागे अप्रकाशित पडून होते. प्रियोळचे सुपुत्र, गोमंतकाचे भूषण, प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांनी मोठ्या चिकाटीने ते संपादून, त्यास पुढील चरित्राची जोड देऊन, १९४७ साली प्रसिद्ध केले. प्रियोळकरांनी हे श्रम घेतले नसते तर सुरतेच्या त्या रविवारांची हकीकत मराठी वाचकांस समजली नसती. त्या आत्मचरित्रात घरातील माणसे आहेत, गुरुजन आहेत, प्रवास आहेत, सुरतेतील मित्र आहेत. परंतु ते १८४६ च्या सुमारास, सुरतेचा मुक्काम हलविण्याच्या वेळी थांबते. परमहंससभा, चोरीस गेलेले दप्तर, अहमदनगरचे भिल्ल, टोपणनावाचा ग्रंथ, यांविषयी दादोबांच्या स्वतःच्या हातचे एकही पान त्यात नाही.